बेडूक आभाळातून पडत नाहीत राजेहो

मिरगाचा जोरदार पाऊस झाला की वावरात पिवळेधम्मक बेडूक दिसतात न लोक म्हनतात, आभाळातून पडले, विषारी हायेत. काही नाही तसं! उन्हाळाभर ते मातीतच दडून असतात, पानी पडलं की निघतात, अन पिवळा रंग नराले येतो, मादीले भुलवासाठी, तो गळ्याखालच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो त्याच टायमाले.

आभाळातून पडत असते त सिंधुदुर्गातल्या आंबोली टोड नावाच्या बेडकाच्या भाऊबंदाची चिंताच नसती, हरवला त पुन्हा पडला असता. २००९ मध्ये नाव मिळालेला हा बारका भेक आंबोलीच्या डोंगरावर, कातळावरच्या उथळ डबक्यात अंडी घालतो, तेही पावसाळ्याच्या सुरुवातीले, अन रस्त्यावर आला की गाड्यांखाली चिरडतो. अतिसंकटग्रस्त आहे. लोकाले मात्र तो सडा, म्हंजे उघड्या कातळाचं पठार, पडीक जागा वाटते.