दोन भास्कर आणि एक सूत्र

एखाद्या कोनाचा साइन हवा आहे आणि हाताशी कॅल्क्युलेटर नाही, कोष्टकही नाही. मग असं करा. कोनाचे अंश १८० मधून वजा करा आणि उरेल त्याला मूळ कोनाने गुणा. आता या गुणाकाराची चौपट घ्या, आणि ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा करून जी संख्या येईल तिने चौपटीला भागा. ३० अंशांसाठी गुणाकार ४,५००, चौपट १८,०००, भाजक ३६,०००. उत्तर नेमकं अर्धा. ९० अंशांना नेमका १. ४५ अंशांना ०.७०५९ येतं, खरी किंमत ०.७०७१. शून्य ते १८० अंशांपर्यंत कुठेही चूक ०.००१७ च्या वर जात नाही.

हे सूत्र भास्कराचार्यांचं, असं मराठीत सर्रास सांगितलं जातं. भास्कर म्हटलं की आपल्याला चाळीसगावजवळचं पाटण आणि 'लीलावती' आठवते, ते साहजिकच आहे. पण सूत्र मांडणारे भास्कर त्यांच्या आधी जवळजवळ ५०० वर्षं होऊन गेले. त्यांचा संबंध सौराष्ट्रातल्या वलभीशी सांगतात, आणि सूत्र आहे त्यांच्या 'महाभास्करीय' या ग्रंथात.

'पहिले' आणि 'दुसरे' हे क्रमांक आधुनिक अभ्यासकांनी दिलेले. दोघे स्वतःला फक्त भास्कर म्हणवत. मग त्यांना वेगळं ओळखायचं कसं? सुदैवाने दोघांनीही आपला काळ लिहून ठेवला आहे, तोही शब्दांत गुंफून. पाटणचे भास्कर लिहितात की आपला जन्म 'रसगुणपूर्णमही' या शकवर्षी झाला. रस ६, गुण ३, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, १. अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे: शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ रचला तो 'रसगुण' वर्षांचा, म्हणजे ३६ वर्षांचा असताना, हेही तिथेच सांगितलंय.

पहिल्या भास्करांनी आर्यभटीयावरच्या भाष्यात याच रीतीने कल्पारंभापासून लोटलेली वर्षं दिली आहेत: १,९८,६१,२३,७३०. आर्यभटांच्या हिशेबाने कलियुगापूर्वीची १,९८,६१,२०,००० वर्षं वजा केली की उरतात ३,७३०. कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२ चा, म्हणून हे भाष्य इ.स. ६२९ चं ठरतं. हा हिशेब मी पहिल्यांदा हाताने करून पाहिला तेव्हा शेवटी ६२९ आलेले पाहून अंगावर काटा आला होता.

तरी सूत्राबाबत गोंधळ का होतो? कारण तेच सूत्र 'लीलावती'तही आहे. तिथे अंश नाहीत. वर्तुळाचा परीघ, व्यास आणि कंस यांवरून जीवा काढायची कृती दिली आहे. पण कंस कोनाच्या दुप्पट आणि परीघ ३६० धरून पाहा, दोन्ही सूत्रं तंतोतंत एकच निघतात. त्यामुळे 'हे लीलावतीत आहे' म्हणणारा खोटं बोलत नाही, मूळ कर्ता मात्र त्याच्या नजरेतून निसटतो. भास्कराचार्यांना याहून अचूक रीतीही ठाऊक होत्या. 'ज्योत्पत्ति' प्रकरणात त्यांनी १८ अंशांची 'ज्या', म्हणजे साइन, वर्गमुळाच्या रूपात काटेकोर दिली आहे.

उलट्या दिशेचा धागा मला याहून विलक्षण वाटतो. भास्कराचार्यांचं गाजलेलं काम म्हणजे चक्रवाल पद्धत, पुढच्यासारख्या प्रश्नांची पूर्ण संख्यांत उत्तरं काढायची रीत. कोणत्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पूर्ण वर्गच मिळतो? त्यांनी काढलेलं उत्तर २२,६१,५३,९८०. हाच प्रश्न १६५७ मध्ये फर्मा यांनी युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकला होता. पण चक्रवालाचे श्लोक भास्कराचार्यांच्याही आधीच्या एका टीकेत सापडतात. १०७३ मधली उदयदिवाकरांची ही 'सुंदरी' टीका नेमकी पहिल्या भास्करांच्या 'लघुभास्करीया'वर आहे. कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये हे श्लोक अभ्यासकांपुढे आणले. त्यांचे कर्ते जयदेव. इथेही नामसाधर्म्य आडवं येतंच: हे जयदेव 'गीतगोविंद'कार नव्हेत, ते कवी नंतरचे.

आता पाटणच्या शिलालेखाकडे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी इथे मठ काढला, त्याचा हा लेख. त्यात घराण्याची वंशावळ कोरलेली आहे: त्रिविक्रम, त्यांचे पुत्र भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि महेश्वरांचे पुत्र भास्कर. म्हणजे एकाच दगडावर दोन भास्कर आहेत, पाच पिढ्यांच्या अंतराने. त्यांतल्या थोरल्यांना भोजराजाने 'विद्यापती' ही पदवी दिली होती, असं लेख सांगतो. साइनचं सूत्र प्रथम मांडणारे भास्कर या दोघांहून वेगळे, तिसरे.