मेलेलं कॅरेक्टर परत आणायचंय? पात्रता, मुदत, शुल्क आणि कागदपत्रं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन फाशांवर खेळायच्या खेळात कोणाचं कॅरेक्टर (पात्र) मेलं की लगेच विचारणा होते, 'परत आणता येईल ना?' येतं, पण रीतसर. खालची माहिती पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांप्रमाणे आहे. तुमच्या टेबलाचे घरचे नियम असतील, तर डीएमचा (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा) शब्द अखेरचा.

आधी मृत्यू झालाय का ते बघा

हिट पॉइंट (जीवशक्तीचे गुण) शून्यावर आले म्हणजे माणूस गेला असं नाही. आपल्या प्रत्येक टर्नला डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा. १० किंवा जास्त पडले तर यश, कमी पडले तर अपयश. तीन यशांवर प्रकृती स्थिर, तीन अपयशांवर मृत्यू. १ पडला तर दोन अपयशं एकदम, २० पडला तर १ हिट पॉइंटसह शुद्धीवर. तोवर साधं हीलिंगही पुरतं, अर्जाची गरज नाही.

मुदत आणि शुल्क

बहुतेक अर्ज मुदतीतच अडकतात. मुंबई महापालिकेत मृत्यूची नोंद करायला २१ दिवस मिळतात. रिव्हिव्हिफाय या परत आणायच्या स्पेलला (मंत्राला) मिळतो एक मिनिट, म्हणजे लढाईचे दहा राउंड. शुल्क ३०० गोल्डचे (खेळातल्या सोन्याच्या नाण्यांचे) हिरे. स्पेल तिसऱ्या लेव्हलचा, आणि असे स्पेल क्लेरिकला (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणाऱ्या पात्राला) पाचव्या लेव्हललाच मिळतात, त्यामुळे तिलाही जमतो.

मिनिट हुकलं तर पुढचा स्पेल, रेझ डेड: मुदत १० दिवस, शुल्क ५०० गोल्डचा हिरा. इथे नीट वाचा. हिरा एकच लागतो, शंभर-शंभरचे पाच चालत नाहीत. बीकेसीत एवढा मोठा हिरे बाजार असलेल्या शहरातल्या खेळाडूंना हे वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं. शिवाय परत आलेल्याला हल्ले, सेव्ह (धोक्यातून वाचायची फेक) आणि अ‍ॅबिलिटी चेकवर उणे ४ बसतात आणि प्रत्येक लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) त्यातला एक उतरतो. धडाला डोकंच नसेल तर अर्ज बाद.

त्यापुढे रिझरेक्शन (१०० वर्षं, १,००० गोल्डचा हिरा) आणि ट्रू रिझरेक्शन (२०० वर्षं, २५,००० गोल्डचे हिरे) आहेत, पण तिथवर पोचणारी कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी मोहीम) विरळाच. मुदतवाढ हवी असेल तर मृतदेहावर जेंटल रिपोज हा स्पेल टाकून घ्या. त्याचा असर टिकतो ते १० दिवस रेझ डेडच्या मुदतीत धरले जात नाहीत. खर्च चिमूटभर मीठ आणि डोळ्यांवर ठेवायची दोन तांब्याची नाणी, तीही परत मिळतात.

कागदपत्रं

मृताची कॅरेक्टर शीट, त्यावर खेळातल्या कॅलेंडरप्रमाणे मृत्यूचा दिवस. क्लेरिकची शीट, तिच्या सामानात हिऱ्याची नोंद मृत्यूच्या आधीची असलेली. 'माझ्याकडे असणारच की' ही नोंद नव्हे.

तिसरं कागदपत्र सगळ्यात मोलाचं आणि तेच कोणी मागत नाही: खेळाडूची संमती. आत्मा राजी नसेल तर तो परत येत नाही, हे नियमातच आहे. रविवारच्या मेगाब्लॉकमुळे कल्याणचा गडी दादरला पोचलाच नाही, त्याचं कॅरेक्टर दुसऱ्याने चालवलं आणि ते गेलं, तर स्पेल टाकण्याआधी त्याला फोन लावा. त्याला नवीन काही खेळायचं असू शकतं, किंवा मरण आवडलेलंही असू शकतं. मला विचाराल तर डीएमने हे मोहीम सुरू होतानाच प्रत्येकाला विचारून लिहून ठेवावं. मेल्यावर विचारलं की सगळे भीडेने 'हो' म्हणतात.

कुठे अर्ज करायचा

गटात पुरेशा लेव्हलचा क्लेरिक, बार्ड (गायक-जादूगार) किंवा पॅलाडिन (धर्मयोद्धा) असेल तर त्याच्याकडेच. नसेल तर गावातल्या मंदिरात. तिथली दक्षिणा डीएम ठरवतो, आणि सोन्याऐवजी एखादं काम मागितलं तर नाही म्हणू नका, पुढचे दोन सेशन त्यातच निघतात. ड्रुइड (निसर्गशक्तीचा जादूगार) भेटला तर त्याचा रीइनकार्नेट हा स्पेल आहे: १० दिवस, १,००० गोल्डची तेलं. देह मात्र नवा, आणि वंश फाशांवर. ड्वार्फ गेला नि एल्फ होऊन आला अशी तक्रार नंतर चालणार नाही.

अर्ज फेटाळला गेला तर नवी शीट, गटाच्याच लेव्हलची, पुढच्या सेशनच्या दोन दिवस आधी डीएमकडे द्या. जुन्याचं सामान कोणाकडे जायचं ते त्याच वेळी ठरवा.