बहुवस्तू वर्णपटलेखक

शेकडो किंवा हजारो तारे-दीर्घिकांचे वर्णपट एकाच वेळी, पण वेगवेगळे टिपणारे दुर्बिणीवरील उपकरण. वर्णपटावरून वस्तूतील मूलद्रव्ये, तापमान आणि वेग कळतो; दूरच्या दीर्घिकांच्या ताम्रसृतीवरून, म्हणजे वर्णपट तांबड्या टोकाकडे किती सरकला यावरून, त्यांचे अंतरही काढता येते.

साध्या वर्णपटलेखकात एका अरुंद फटीतून एकाच वस्तूचा प्रकाश आत घेतात, विवर्तन जालकाने त्याचे रंग फाकवतात आणि संवेदकावर नोंदवतात. अंधूक दीर्घिकेला तासभर लागला, तर रात्र संपेपर्यंत हाती जेमतेम आठ-दहा वर्णपट. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला दर्शनबारी सरकावी, तसे हे काम. तेवढ्या वेळात दुर्बिणीत इतर शेकडो वस्तूंचा प्रकाश येऊन वाया जातो.

दुर्बिणीच्या तोंडाशी लोलक बसवून सगळ्या ताऱ्यांचे वर्णपट छायाचित्रणाच्या एका काचेवर घेण्याची युक्ती जुनी. हार्वर्डमध्ये अ‍ॅनी जंप कॅनन यांनी अशाच काचा तपासून सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्गीकरण केले. ती सूची १९१८ ते १९२४ दरम्यान निघाली. पण दाटीच्या ठिकाणी वर्णपट एकमेकांवर चढतात. उत्तर सापडले प्रकाशीय तंतूंत, म्हणजे ऑप्टिकल फायबरमध्ये: प्रत्येक तंतूचे एक टोक दुर्बिणीतील एकेका वस्तूच्या प्रतिमेवर ठेवायचे आणि दुसरी टोके फटीपाशी ओळीने लावायची, म्हणजे वर्णपट वेगवेगळे उमटतात. १९७९ मध्ये अ‍ॅरिझोनातील स्टुअर्ड वेधशाळेत ‘मेडुसा’ हे असे उपकरण वापरले गेले. डोक्यावर केसांऐवजी साप असलेल्या ग्रीक राक्षसिणीचे नाव फायबरच्या त्या जंजाळाला शोभून दिसते.

प्रकाशशास्त्रापेक्षा इथली खरी अडचण हातकामाची आहे: प्रत्येक तंतूचे टोक नेमक्या जागी कसे ठेवायचे? न्यू मेक्सिकोतील स्लोन आकाश सर्वेक्षणात २.५ मीटर दुर्बिणीसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्यांना भोके पाडत. सुरुवातीला एका तबकडीत ६४०, पुढे १,००० तंतू. दिवसा तंत्रज्ञ ते हाताने खोचत. येवल्याच्या पैठणीवर कोणत्या रंगाची कांडी कुठे जायची हे विणकराला धागा टाकण्याआधी ठाऊक असावे लागते. इथे उलटे: हाताला येईल तो तंतू जवळच्या भोकात. मग एकेका तंतूतून प्रकाश सोडून कोणता कुठे गेला, याची नोंद कॅमेरा करी. भोकांची जागाही वेळ धरून ठरवलेली असे, कारण आकाशाचा तो भाग वर-खाली सरकला की वातावरणातील अपवर्तन बदलते आणि प्रकाश भोकाच्या कडेला जातो.

पुढे हे काम यंत्रांकडे गेले. ऑस्ट्रेलियातील ३.९ मीटर दुर्बिणीवरच्या ‘टूडीएफ’मध्ये यंत्रहात ४०० तंतू एकेक करून मांडतो. अ‍ॅरिझोनातच किट पीकवरील ‘डेसी’त ५,००० तंतू आहेत, प्रत्येकाला स्वतःच्या छोट्या मोटारी असल्याने सगळे एकदमच फिरतात. जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीत तंतू नाहीतच. तिथे सुमारे अडीच लाख सूक्ष्म झडपा असून हव्या त्या उघडून फटी तयार करतात.

एक उणीव राहतेच. दोन तंतू फार जवळ ठेवता येत नाहीत, त्यामुळे दीर्घिकांच्या गर्दीतले काही शेजारी सुटतात आणि तोच भाग पुन्हा टिपावा लागतो.

नाशिककरांना मोठी दुर्बीण जवळ म्हणजे पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या बाजूला गिरवलीला. आयुका या पुण्यातील खगोल संशोधन संस्थेच्या त्या २ मीटर दुर्बिणीवर प्रतिमा आणि वर्णपट दोन्ही घेणारे उपकरण आहे. फटीचे तत्त्व मात्र घरीही दिसते. खोक्याला ब्लेडने बारीक फट पाडावी, आत जुन्या डीव्हीडीचा तुकडा तिरका लावावा आणि शहरात उरलेल्या एखाद्या पिवळ्या सोडियम दिव्याकडे रोखावे: ५८९ नॅनोमीटरजवळचा पिवळा भाग ठसठशीत उठतो. एलईडीखाली तोच पट्टा सलग दिसतो. अंधाऱ्या डोंगरावरही ही पिवळी रेघ सुटत नाही, कारण सुमारे ९० किलोमीटर उंचीवर वातावरणातच सोडियमचा थर आहे. म्हणून प्रत्येक वेधात काही तंतू मुद्दाम रिकाम्या आकाशाकडे लावतात आणि त्यांचा वर्णपट बाकीच्यांतून वजा करतात.