बसचालकांचे व्यावसायिक आरोग्य

प्रवासी बस चालवणाऱ्या कामगारांना कामाच्या स्वरूपामुळे जडणारे विकार व त्यांच्या कामाच्या अटी यांचा विचार या विषयात होतो. पाठदुखी, रक्तदाब, अपचन, अपुरी झोप आणि वाढते वजन या नेहमीच्या तक्रारी होत. हृद्‌रोगाचा अभ्यास मात्र सर्वांत गाजलेला असून त्याच्या कारणांविषयी मतभेद आहेत.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी 1953 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लंडनच्या बस कामगारांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. 35 ते 64 वयोगटातील पुरुषांमध्ये दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने सतत चढणाऱ्या वाहकांना हृद्‌रोग कमी प्रमाणात, उशिरा व सौम्य स्वरूपात होतो, असे त्यांत दिसले. शारीरिक हालचाल संरक्षक ठरते, हा अर्थ त्यावरून काढला गेला. परंतु मुळातच स्थूल असणारी माणसे चालकाच्या कामाकडे वळत असतील, तर हा फरक नोकरीपूर्वीचाच ठरतो. याचा छडा लावण्यासाठी याच गटाने 1956 मध्ये गणवेशाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तरुण वयातही चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा अधिक भरला. आक्षेपात तथ्य होते, हे यावरून मान्य करावे लागते. मात्र पुढील विश्लेषणात सडपातळ व स्थूल अशा दोन्ही प्रकारच्या वाहकांना चालकांच्या तुलनेत लाभ दिसल्याने केवळ स्थूल माणसांनी चालकाचे काम निवडण्याने फरकाचा उलगडा होत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वेळापत्रक व रहदारी यांच्या कात्रीत सापडल्याने येणारा मानसिक ताण हे तिसरे कारण सांगितले जाते. बैठेपणापासून ते वेगळे काढणे अवघड आहे.

पाठीच्या दुखण्यात बसच्या कंपनांचा वाटा मोठा असतो. बसलेल्या माणसाचा कणा सुमारे 4 ते 8 हर्ट्‌झच्या (सेकंदाला 4 ते 8 वेळा होणाऱ्या) उभ्या कंपनांना विशेष प्रतिसाद देतो आणि खराब रस्त्यावर वाहनातून येणारी कंपने बरीचशी याच पट्ट्यात मोडतात. पुढे इंजिन असलेल्या जुन्या गाड्यांत उष्णता व आवाज थेट चालकाच्या शेजारी असे. डिझेलच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये कर्करोगकारक ठरवले.

भारतात मोटार वाहतूक कामगार अधिनियम, 1961 नुसार प्रौढ कामगाराचे काम दिवसाला 8 व आठवड्याला 48 तासांपुरते मर्यादित केले गेले; लांब पल्ल्याच्या मार्गांवर किंवा सणासुदीला परवानगीने ते अनुक्रमे 10 व 54 तासांपर्यंत नेता येई. 5 तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती व दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग 9 तासांचे अंतर बंधनकारक होते. कामाच्या तासांच्या व्याख्येत स्थानकावरील 15 मिनिटांपेक्षा कमी प्रतीक्षा धरली जाई. त्याहून लांब खोळंबा तासांत मोजला जात नसे, फक्त कामाचा एकूण पसारा, म्हणजे दिवसाचे काम सुरू होण्यापासून संपेपर्यंतचा काळ, सामान्यतः 12 तासांच्या आत ठेवावा लागे. ड्युटी कागदावर 8 तासांची, पण घर सोडल्यापासून घरी पोचेपर्यंतचा काळ कितीतरी अधिक, ही चालकांची तक्रार या व्याख्येमुळे समजते. हा अधिनियम 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला.

रात्रीच्या मुक्कामाच्या ठिकाणी विश्रांतिगृह किंवा अन्य योग्य पर्याय देण्याची तरतूदही 1961 च्या अधिनियमात होती. महाराष्ट्रात एस.टी.ची वस्तीची गाडी लहान गावी थांबते, तेथे चालक व वाहक अनेकदा गाडीतच किंवा देवळाच्या ओसरीवर झोपतात आणि पहाटे तीच गाडी घेऊन परततात.