वहीच्या कोपऱ्यातली टिंबं

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेची घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्यावर ठोका पडला की तासिका सुरू, पुन्हा पडला की संपली. मधली चाळीस मिनिटं आपलीच, असा माझा बरीच वर्षं समज होता. एका सप्टेंबरात शेवटच्या तासिकेला नववीला अंतर्वक्र आरसा शिकवताना तो तपासून पाहावासा वाटला. पोरांना म्हटलं, मन कुठं फिरायला गेलं असं लक्षात आलं की वहीच्या कोपऱ्यात एक टिंब द्यायचं. "मंग रागावसान तर नाई ना सर?" असं दोनदा विचारून झालं आणि टिंबं पडू लागली.

शेवटी वह्या पाहिल्या. एकही कोपरा कोरा नव्हता. वर्गात पहिली येणाऱ्या मुलीच्या वहीत सात टिंबं होती आणि पाचव्यापुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बस'.

याला प्रयोग म्हणता येणार नाही. टिंब द्यायला सांगितलं की पोरगं आरसा सोडून टिंबाकडंच बघतं. पण असाच प्रश्न घेऊन अमेरिकेतल्या डायन बन्स या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका आणि त्यांचे सहकारी कॉलेजच्या वर्गात उतरले होते. त्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या हातात बटणांचं छोटं यंत्र दिलेलं. लक्ष उडालं की किती वेळ उडालं होतं त्याप्रमाणे बटण दाबायचं. बहुतेक वेळा लक्ष मिनिटभर किंवा त्याहूनही कमी वेळ गेलेलं होतं. ते जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं, आणि तास संपत आला की हे येणं-जाणं वाढायचं.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात हमखास ऐकू येणारं वाक्य आहे: मुलांचं लक्ष दहा-पंधरा मिनिटांवर टिकत नाही. जणू डोक्यात गजर लावलेला आहे. विल्सन आणि कॉर्न या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये या वाक्याचं मूळ शोधलं, तेव्हा हाताला फारसं काही लागलं नाही. काही जुन्या अभ्यासांत विद्यार्थ्यांनी किती टिपणं काढली यावरून लक्ष मोजलेलं होतं. आता टिपणं कमी झाली म्हणजे लक्ष गेलं असंच कसं म्हणायचं? त्या वेळी सरांनी लिहून घेण्याजोगं काही सांगितलंच नसेल, असंही असू शकतं.

तरी थकवा खोटा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडारवाले पडद्यावर तासन्‌तास डोळे लावून बसत आणि पाणबुडीची खूण त्यांच्या नजरेतून सुटे. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं हे तपासायला एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा टिक-टिक पुढं सरके, आणि क्वचित एकदम दोन घरं उडी मारी. ती उडी दिसली की बटण दाबायचं. १९४८ साली छापलेल्या त्यांच्या निबंधानुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या लक्षणीय प्रमाणात निसटू लागल्या. काम अवघड नव्हतं, एकसुरी होतं. आमच्याकडं रात्री तुरीच्या राखणीला मचाणावर बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. रानडुक्कर येतं ते नेमकं डुलकीच्या वेळी.

लक्ष टिकवणं म्हणजे मेंदूनं सतत काहीतरी दाबून धरणं. डोळ्यांसमोर आरसा असतो, पण खिडकीबाहेर बकरी असते, पोटात भूक असते, घरी आजारी आजी असते. यातलं एक पुढं आणायचं आणि बाकीचं मागं ठेवायचं हे काम मुख्यतः कपाळामागचा मेंदूचा भाग करतो, आणि तो पुरता पक्व व्हायला विशी ओलांडावी लागते. पकड सैल झाली की मेंदू बंद पडत नाही. तो स्वतःच्या गोष्टींत रमतो, आठवणी आणि बेत यांत. मेंदूच्या अशा वेळी कामाला लागणाऱ्या भागांचं एक जाळंच आहे, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत मेंदूच्या प्रतिमांवरून स्पष्ट झालं.

मग पकड पुन्हा कशी बसते? बन्सबाईंच्या वर्गात प्रयोग करून दाखवताना किंवा प्रश्न विचारताना लक्ष कमी उडालं, आणि गंमत म्हणजे त्यानंतर लगेच आलेल्या साध्या व्याख्यानातही कमी उडालं. हार्वर्डमध्ये २०१३ साली संख्याशास्त्राचं सुमारे एकवीस मिनिटांचं चित्रित व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं गेलं. ज्यांना प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली, त्यांचं मन भटकण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. व्याख्यान तेच, मिनिटं तीच.

इथं मला आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, द्विशिक्षकी शाळा आठवतात. चार वर्ग, दोन शिक्षक. तिथं तासिका फक्त वेळापत्रकाच्या तक्त्यावर असते. बाई तिसरीला दहा मिनिटं वजाबाकी समजावतात, गणितं फळ्यावर टाकतात आणि चौथीकडं वळतात. तिसरी तोवर खुसपुसत, एकमेकांच्या पाटीत डोकावत सोडवत बसते. थोडं सांगणं, मग पोराच्या डोक्याला काम, हे त्या बाई नाइलाजानं रोज करतात. याचं कौतुक मात्र जपूनच केलं पाहिजे. एका खोलीत दोन वर्गांचा आवाज हाही लक्षाचा शत्रू आहे, आणि शिक्षक कमी असणं ही काही अध्यापन-पद्धती नव्हे.

उलट बाजूनं, चाळीस मिनिटं कधी फार अपुरी पडतात. मेणबत्ती, भिंग, पुठ्ठा मांडून होईस्तोवर पंधरा मिनिटं जातात; प्रतिमा पडद्यावर उलटी उमटते, पोरं ओरडतात आणि तेवढ्यात रुळावर ठोका. प्रात्यक्षिकाला जोड तासिकाच हवी. त्या वेळी लक्षाची कुणाला आठवणही होत नाही.

दिवसातली वेळ हा वेगळाच मामला. डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांच्या सुमारे वीस लाख चाचण्या तपासून २०१६ साली निघालेला निष्कर्ष असा की दिवस तासागणिक पुढं सरकतो तसे गुण किंचित घसरतात, आणि वीस-तीस मिनिटांच्या सुट्टीनंतर ते तासाभराच्या घसरणीहून जास्त वर चढतात. आमची खिचडीची सुट्टी म्हणूनच कापायची नसते. खिचडीनंतरची पेंग मात्र सगळी खिचडीच्या माथी मारू नका. दुपारी शरीराचं आतलं घड्याळच थोडं मंदावतं, उपाशी माणसाचंही.

त्यात आमचं ऊन. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात बहुधा महिनाअखेरीस. अमेरिकेतल्या सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांच्या गुणांवरून २०२० मध्ये असं दिसलं की वातानुकूलन नसेल तर शालेय वर्ष एक अंश फॅरनहाइटनं जास्त तापल्यावर त्या वर्षीचं शिकणं सुमारे एक टक्क्यानं घटतं. टिनाखालच्या मार्चमधल्या वर्गात तासिका तीस मिनिटांची करा की पन्नास, डोकं तापतंच. म्हणून सकाळची शाळा. पण सातच्या शाळेसाठी पाचला उठलेलं पोरगं पहिल्या तासिकेला झोपेत असतं. राज्य शासनानं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं ते झोपेसाठीच. आमच्या उन्हाळ्यात झोप वाचवावी तर ऊन गाठतं.

आणि ती पाचव्या टिंबापुढं 'बस' लिहिणारी मुलगी. तिच्या गावाला जाणारी मुलींची निळी बस फाट्यावर थांबते. चुकली तर घरापर्यंत पायी. शाळा सुटायला वीस मिनिटं असताना तिचे कान हॉर्नकडं असतात, आणि त्या वेळी तिच्याइतकं एकाग्र वर्गात कुणी नसतं. यंदा वेळापत्रक करताना मी नववीचं विज्ञान दुसऱ्या तासिकेला मागून घेतलं. शेवटची तासिका कार्यानुभवाच्या सरांकडं गेली. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.