मूठभर धान्य, शाळेची मुलं आणि ‘बँक’ हा शब्द

शाळेतल्या मुलांनी घरून मूठमूठ धान्य आणायचं, वर्गातल्या डब्यात जमवायचं आणि ज्यांच्या घरी चूल पेटायची अडचण आहे त्यांच्यापर्यंत पोचवायचं, हा उपक्रम आता महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत होतो. 2009 पासून गांधी जयंतीच्या सुमारास देशभर ‘देण्याचा सप्ताह’ साजरा होऊ लागला, तेव्हापासून शहरी शाळांत त्याला जोर आला. बहुतेक जण त्याला ‘अन्न बँक’ किंवा सरळ ‘फूड बँक’ म्हणतात. या नावामुळे बराच घोळ झालेला आहे, म्हणून ही पार्श्वभूमी.

1877 च्या दुष्काळात पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम उघडला गेला. तिथली मुलं खाणारी होती, आणणारी नव्हती. त्याच काळात शिकायला शहरात आलेली गरीब मुलं माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. म्हणजे भुकेशी मुलांचा संबंध होता तो घेण्याचा, आणि तोही बहुतेक ठरावीक जातींपुरता.

हे बदललं मुष्टिफंडाने. घरातल्या बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला टाकायची आणि साठलेलं धान्य शिक्षणाच्या कामी द्यायचं. पणजीत 1908 साली सुरू झालेल्या एका शिक्षणसंस्थेच्या नावातच हा शब्द आहे आणि ती आजही चालू आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात गरीब मुलांसाठी काढलेल्या बोर्डिंगची कथा वाचकांना ठाऊक आहेच. 1924 पासून तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवली, स्वतः राबली, आणि गावागावांतून आलेल्या धान्यावर तिथल्या आणि नंतर उघडलेल्या वसतिगृहांच्या चुली पेटल्या.

माझी आजी त्याच जिल्ह्यातली. तिच्या ज्वारीच्या कणगीशेजारी एक लहान गाडगं असायचं. दळणाला ज्वारी काढली की पहिली मूठ गाडग्यात, मग बाकीची सुपात. पाऊस चांगला झालेला असो की नसो, हा क्रम तिने कधी उलटा केला नाही. बोर्डिंगला धान्य पाठवायची पद्धत गावात बंद पडल्यावरही गाडगं तिथेच राहिलं. मग त्यातली ज्वारी दारात येणाऱ्याला मिळायची.

आता शब्दांकडे. मराठीत आज तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली ढकलल्या जातात.

पहिली हा मुष्टिफंड. त्यात हिशेबाचं खातं नाही, परतफेड नाही. दिलं ते दिलं.

दुसरी धान्य बँक. आदिवासी पट्ट्यात आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपतं आणि नवं पीक यायला अवकाश असतो. या दिवसांत सावकाराकडून धान्य उचललं तर ते सवाईने किंवा दिढीने फेडावं लागे, म्हणजे एका मणाला सवा किंवा दीड मण. त्यातून सुटका व्हावी म्हणून गावाने आपलं धान्य एकत्र ठेवायचं, अडल्या घराने उसनं न्यायचं आणि सुगीनंतर परत भरायचं, अशी ही व्यवस्था. केंद्र सरकारने 1996-97 मध्ये तिला योजनेचं रूप दिलं. इथे ‘बँक’ हा शब्द चपखल बसतो, कारण नेणारा याचक नसून खातेदार असतो. पुढच्या वर्षी तोच भरतो.

तिसरी फूड बँक, अमेरिकेतून आलेली. तिची सुरुवात 1967 साली ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात झाली. दुकानांत न खपलेलं पण खाण्याजोगं अन्न फेकलं जातं, ते गोळा करून संस्थांमार्फत वाटायचं, हा तिचा मूळ हेतू. आपल्याकडे 2015 च्या सुमाराला मुंबई आणि औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) रोटी बँका निघाल्या, त्यांचं नाव याच धर्तीचं. औरंगाबादेत मात्र घरोघरून ताज्या पोळ्या आणि भाजी यायची, उरलंसुरलं नव्हे. म्हणजे नाव फूड बँकेचं आणि रीत मुष्टिफंडाची. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी 2019 साली केंद्राचे वेगळे नियम आले. नोंदणी, मुदत आणि साठवण यांची बंधनं त्यात आहेत. पहिली ते सातवीच्या मुलांनी सांभाळायचं हे काम नाही.

मी या फरकावर एवढा का अडतो? मुलं शब्दातून शिकतात म्हणून. फूड बँक म्हटलं की शिकवण अशी होते: तुझं भागल्यावर जे उरेल ते दे. मुष्टिफंडात आधी बाजूला काढायचं आणि मग आपलं शिजवायचं. धान्य तितकंच असलं तरी मुलाच्या मनात पडणारी गोष्ट उलटी असते. माझ्या मते शाळेने जुना शब्द वापरावा. तो अवघड वाटला तर नुसतं ‘मूठ’ म्हणावं.

मधल्या काळात सरकार या क्षेत्रात उतरलं आणि चित्रच पालटलं. 1972 च्या दुष्काळातली सुकडी अनेकांच्या आठवणीत आहे. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची पोषण आहार योजना आली आणि हजेरी भरलेल्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ मिळू लागला. तो पिशवीतून घरी जायचा आणि साऱ्या घरात वाटला जायचा. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 ला शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे शाळेतली खिचडी आली. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तिला हक्काचं बळ दिलं. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि कोरडा शिधा पुन्हा पिशव्यांतून घरी गेला.

यामुळे एक पेच उभा राहिला आणि तो अजून सुटलेला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जे मूल सकाळी डब्यात मूठ टाकतं, तेच दुपारी सरकारी तांदळाची खिचडी खातं. त्याच्या घरी रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य येतं, म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम. लहान मुलाच्या मुठीत तीसेक ग्रॅम तांदूळ धरला तर ते मूल स्वतःच्या त्या दिवसाच्या वाट्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा देतं. पंधरवड्यातून एकदा हे ठीक आहे. रोजच्या सक्तीला माझा विरोध आहे. हजेरीसारखी नावं पुकारून मूठ टाकायला लावणं आणि ज्यांना धान्य मिळालं त्यांच्यासोबत मुलांचे फोटो काढणं, हे दोन्ही थांबायला हवं. आपल्या वर्गमित्राच्या आईला रांगेत उभी पाहिलेलं मूल पुढे डब्याकडे फिरकत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

एका शाळेत यावर साधा तोडगा निघाला. आधी सगळे हाताला येईल ते आणत. गहू, तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे असं सगळं एकाच डब्यात पडे आणि ते निवडता निवडता बाईंच्या नाकी नऊ येत. मग वार ठरले, सोमवारी तांदूळ, गुरुवारी डाळ. डबा वर्गातून उचलून व्हरांड्याच्या कोपऱ्यात, पाण्याच्या माठामागे ठेवला. कुणी टाकलं आणि कुणी नाही, हे बघायला तिथे कुणी नसतं. शनिवारी सातवीच्या मुली सुपं घेऊन बसतात आणि खडे काढतात. निवडलेलं धान्य पिशव्यांत भरून माठामागेच ठेवतात, आणि ज्याला न्यायचं तो शाळा सुटल्यावर घेऊन जातो. सोमवारी सकाळी तिथे रिकामा डबा असतो.