चौकटीबाहेरचं आणि गाळलेलं

'तो प्रसंग दाखवलाच नाही,' असं आपण सिनेमाबद्दल सहज म्हणतो. पण न दाखवण्याचे दोन निरनिराळे प्रकार आहेत. क्वेंटिन टॅरेंटिनोच्या 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'मध्ये (१९९२) ते दोन्ही आहेत. पोलिसाचा कान कापला जातो तेव्हा कॅमेरा डावीकडे सरकून गोदामाच्या भिंतीवर थांबतो. रेडिओवरचं गाणं चालूच असतं आणि त्यातून पोलिसाचा आक्रोश ऐकू येतो. कृत्य आत्ता, इथंच चाललंय, फक्त चौकटीबाहेर, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या भागाच्या बाहेर. उलट, ज्या दरोड्यावर सगळी कथा उभी आहे तो पडद्यावर येतच नाही. आधीची बैठक दिसते, नंतरची पळापळ दिसते, मधला वेळ कापलेला आहे.

फरक ओळखायचा तर वेळ बघा. चौकटीबाहेरच्या क्रियेत वेळ आपल्यासोबत चालत असतो आणि बहुतेक भार आवाजावर असतो. गाळलेल्या क्रियेत वेळच उडी मारतो. तिथं काम संकलनाचं, आणि मागे राहिलेल्या खुणांचं.

नागराज मंजुळेंच्या 'सैराट'चा (२०१६) शेवट अनेकजण पहिल्या प्रकारात टाकतात. मला ते पटत नाही. नायिका आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, ती त्यांना चहा करून देते. तिचं मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं. ते परत येतं तेव्हा सगळं उरकलेलं असतं. आर्ची आणि तिच्या नवऱ्याचे मृतदेह दिसतात, हत्या दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. मूल रडतं, पण आवाज काढून टाकलेला. मग रक्ताची छोटी पावलं दाराबाहेर उमटत जातात. आतल्या किंकाळ्या ऐकवल्या असत्या तर आपण साक्षीदार झालो असतो, कुणीतरी धावून येईल अशी आशाही धरली असती. इथं ती संधीच नाही. आपण त्या मुलाच्याच वेळेला दारात पोचतो, उशिरा. दिग्दर्शकाचा हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

गाळलेलं कधी कुणाच्या तोंडूनही परत येतं. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) गटारात उतरलेल्या सफाई कामगाराचा मृत्यू कुठंही दिसत नाही. त्याची बायको साक्षीत सांगते, की झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजून तो उतरायचा. तिच्या आवाजात रडू नाही, सूर रोजच्या बोलण्याचाच, आणि कोर्टाचं काम पुढं चालू राहतं.